फौंड्रीतल्या माणसांना सूचना व्हिडिओतून द्यायच्या तर कशा? अनुभव सांगा

प्रश्न

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, पर्सोनेल बघते. तीन शिफ्ट, दीडशेच्या आसपास माणसं. निम्मी आसपासच्या गावांतली, बाकीची बिहार-ओडिशाकडची. नोटीस बोर्ड टाइम ऑफिसबाहेर लावलाय, पण पंचिंगच्या गर्दीत तो कोण वाचतंय?

म्हणून व्हिडिओ करूया असं मीच सुचवलं. पहिला विषय लॅडल, म्हणजे वितळलेला धातू घ्यायचं भांडं, तापवण्याचा नवा नियम. केबिनमध्येच काढला. प्लांट हेड खुर्चीत बसून सहा मिनिटं बोलले. तिन्ही शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. निळ्या टिका भराभर आल्या, अंगठे आले. मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला नवीन लायनिंग (आतला उष्णता सोसणारा थर) केलेली लॅडल अर्धवट तापवून फर्नेसखाली, म्हणजे भट्टीखाली, लावली. धातू पडला तसा उसळला. एका पोराच्या मनगटावर ठिणग्या आल्या. हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते, तिथली दोन बोटं उघडी जागा, नेमकी तिथंच. जखम भरली, पोरगा कामावर आहे. पण व्हिडिओ बघितला नव्हतास काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, साहब दिखे थे. आवाज नहीं था." खोलीवर सहा जण, वेगवेगळ्या शिफ्टचे, कुणी ना कुणी झोपलेलं असतंय. त्यामुळं हा फोन कायम आवाज बंद ठेवूनच बघतो. त्याच्या खोलीवर किती जण राहतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून हे मनातून जात नाही.

व्हिडिओ बंदच करू, का वेगळ्या पद्धतीनं करू? तुमच्याकडं कसं चालतं?

उत्तर १ : शिरोलीचा मेल्टर

मॅडम, बंद करू नका. मी बावीस वर्षं मेल्टिंगला हाय. लॅडलचा व्हिडिओ लॅडलपाशीच काढायला लागतोय. बर्नर लावल्यावर लायनिंगमधनं आधी वाफ निघती, ती डोळ्याला दिसती. मग वाफ थांबती. इथंच चुकतंय बघा. वाफ थांबली म्हणजे झालं असं समजून बर्नर काढत्यात. आतनं लाल दिसंपतूर काढायचा न्हाई. एवढंच एखाद्या जुन्या माणसानं बोट दाखवून करून दाखवलं की चाळीस सेकंदांत काम होतंय, आणि त्याला आवाज लागत न्हाई.

पण कारण पण सांगा. लोखंड १४०० अंशांच्या वर असतंय. ओल त्याच्याखाली सापडली की पाण्याची वाफ होती आणि तिला दीड हजार पटींहून जास्त जागा लागती. जागा न्हाई म्हणून धातू उडवती. हे कळल्यापासनं आमची पोरं न सांगता लॅडल तापवत्यात. ओलं भंगार फर्नेसमध्ये टाकायचं न्हाई, त्याचंबी कारण हेच.

शूटिंग सुट्टीदिवशी काढा, फर्नेसमध्ये धातू नसताना. चालू फर्नेसजवळ फोन हातात घेऊन कुणी उभं राहू नये. आणि ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एकत्र दाखवायचा, मग एकाला पुढं बोलवून करून दाखव म्हणायचं. अंगठा दिलेला माणूस तिथं कळतोय.

उत्तर २ : शाहूपुरीतून

ताई, मी सहकारी बँकेच्या शाखेत आहे, माझा अनुभव थोडा वेगळा. संगणकात नवीन स्क्रीन आली तेव्हा हेड ऑफिसनं स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवली. कुठं क्लिक करायचं, पुढं काय येतं, फार उपयोग झाला. मात्र केवायसीच्या कागदपत्रांची यादीही अकरा मिनिटांच्या व्हिडिओत आली. समोर पेन्शनवाले आजोबा उभे, आणि मी तो मागं-पुढं सरकवत एक ओळ शोधतेय. पुन्हा पुन्हा बघावं लागेल ते लिहूनच द्या.

आणि बोनस, बदली, पगार यातलं काही व्हिडिओतून सांगू नका, ही विनंती. आमच्या एका साहेबांनी दिवाळीच्या तोंडावर ते केलं होतं. माणसाच्या मनात प्रश्न असतो, तो त्यानं मोबाईलच्या काचेला विचारायचा काय?

उत्तर ३ : पंचगंगेच्या अलीकडचा

सगळ्यात आधी तारीख बोला आणि स्क्रीनवर ठळक लिहा. माझं घर नदीच्या एका बाजूला, कंपनी कागलला दुसऱ्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टला आणि २०२१ च्या जुलैला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी "उद्या पहिली शिफ्ट बंद" असा व्हिडिओ टाकला होता. पुढं एका पावसाळ्यात तोच कुणीतरी पुन्हा फिरवला. आमच्या गावातले आठ-नऊ जण घरी राहिले, एक दिवसाचा पगार गेला.

पुराची सूचना तर साध्या मेसेजनंच द्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथं पोरासोरांना पाठ आहेत. आत्ता पातळी किती आणि बस कुठल्या रस्त्यानं येणार, दोन ओळी पुरतात. लाइट गेलेली, रेंज एक कांडी, त्यात व्हिडिओ उघडत नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी आमची सुट्टी असते, तेव्हा शूटिंग केलं. बर्नरपाशी आमचे सगळ्यात जुने मिस्त्री उभे राहिले. ५२ सेकंद झालं, खाली मराठी आणि हिंदी मोठ्या अक्षरांत, कोपऱ्यात तारीख. शेवटी हातमोजा बाहीवर कुठवर ओढायचा ते दाखवलंय. ते मनगट त्या पोराचं आहे. मी सांगितलं नव्हतं, तो सुट्टी असून आपणहून आला.

कालपासून टाइम ऑफिसशेजारच्या टीव्हीवर शिफ्टआधी लावतोय. पहिल्या शिफ्टला तिघांना करून दाखवायला बोलावलं, एकाचं चुकलं. वाफ थांबली तशी त्यानं बर्नर काढला. मिस्त्रींनी तिथंच त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं. रात्रपाळीला मी स्वतः थांबणार आहे.