‘फेडरलिझमला विरोध’ याचं मराठी काय करायचं?

युरोपियन युनियनवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात सारखं ‘फेडरलिझमला विरोध’ येतं. मी ‘संघराज्यवादाला विरोध’ लिहिलं तर मैत्रीण म्हणाली, म्हणजे यांना सगळी सत्ता केंद्राकडे हवीय का? अर्थ तर नेमका उलटा आहे. काय लिहू?

▪ ताई, मैत्रिणीचं काही चुकलं नाही. आपल्याकडे संघराज्य म्हटलं की राज्यांचे हक्क, जीएसटीतला वाटा, केंद्राने सगळं ओढून घेऊ नये हेच डोक्यात येतं. युरोपात देश आधीच सार्वभौम आहेत, त्यामुळे फेडरल होणं म्हणजे आपल्या हातातलं अजून काहीतरी वर ब्रुसेल्सला, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाला देणं, म्हणूनच तर युरोपियन युनियन ज्याने स्थापन झाली त्या मास्ट्रिख्ट कराराच्या वेळी ब्रिटनने मसुद्यातला ‘फेडरल’ शब्द हट्टाने काढायला लावला. १९५७ च्या रोम करारातली ‘अधिकाधिक घट्ट होत जाणारी एकजूट’ तेवढी राहिली, आणि २०१६ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरननी त्यातूनही ब्रिटनला वगळून मागितलं.

▪ जर्मनांना मात्र हा शब्द आपल्यासारखाच ऐकू येतो, कारण त्यांचा देशच संघराज्य आहे. त्यांच्या घटना न्यायालयाने १९९३ च्या मास्ट्रिख्ट निकालात युनियनसाठी ‘श्टाटेनफरबुंड’ शब्द वापरला, म्हणजे धड संघराज्यही नाही आणि नुसता सैलसर राज्यसंघही नाही, मधलंच काहीतरी. याला मराठीत मला अजून नीट शब्द सापडलेला नाही, ‘राष्ट्रबंध’ कसा वाटतो?

▪ राष्ट्रबंध छान आहे पण वाचकाला समजावत बसावं लागेल. मी सरळ ‘युरोपचं एकच संघराज्य करायला विरोध’ असं लिहीन, लांब होतं पण कोण कशाला नाही म्हणतंय ते कळतं. आणि कृपा करून ‘युरोपविरोधी’ लिहू नका! १९९२ मध्ये ५०.७ टक्के डॅनिश लोकांनी मास्ट्रिख्ट करार नाकारला, त्यांना युनियन सोडायची नव्हती, युरो आणि संरक्षणासारख्या चार बाबतीत सूट मिळाल्यावर पुढच्या वर्षी त्यांनीच हो म्हटलं. अशा माणसांना विरोधी म्हणणं अन्याय आहे.

▪ पटलं, तसंच लिहिते. लेखात पुढे नोव्हेंबर २०२३ चा ठराव आहे, युरोपियन संसदेने २९१ विरुद्ध २७४ मतांनी करार बदलायची मागणी केली, त्यात बऱ्याच विषयांतला व्हेटो काढायचा प्रस्ताव आहे. तिथे ‘नकाराधिकार’ चालेल ना? की छोट्या देशांची भीती ‘एकमताची अट जाणार’ म्हटल्यावर जास्त पोचेल?

▪ दुसरं. लक्झेंबर्गसारख्या देशाचा जीव त्या अटीतच आहे.