मदत हवी आहे: पायथन शिकताना आधी व्हिडिओ की आधी एआय?

नागपूरच्या नंदनवनात संध्याकाळी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची छोटी शिकवणी घेतो. मुलं बहुतेक बी.कॉम.ची. सरावाला कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या भावांच्या दोन फाइली दिल्या, नोव्हेंबर आणि डिसेंबर. एकीखाली एक जोडायच्या, बस.

यूट्यूबवर शिकलेल्या मुलांनी जोडायला 'अपेंड' ही आज्ञा लिहिली आणि एरर आली. येणारच. पांडाज ही पायथनमध्ये तक्ते हाताळायची लायब्ररी; एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या तिच्या २.० आवृत्तीतून डेटाफ्रेमचं (म्हणजे तक्त्याचं) अपेंड काढूनच टाकलंय, आणि व्हिडिओ त्याआधीचे. बाकीच्यांनी चॅटजीपीटीला विचारलं, त्याऐवजी वापरायचं 'कॉन्कॅट' मिळालं, लगेच मोकळे.

मग मी म्हटलं, इंडेक्स (ओळीचा क्रमांक) शून्य असलेली ओळ दाखवा. दोन ओळी आल्या! दोन्ही फाइलींचे इंडेक्स शून्यापासून सुरू होतात आणि कॉन्कॅट ते आहेत तसेच ठेवतं. 'इग्नोअर इंडेक्स' ट्रू केलं तरच नव्याने क्रमांक पडतात. एआयवाले एकमेकांची तोंडं बघायला लागले. त्यांना मिळालेलं उत्तर चूक नव्हतं, पण इंडेक्सचं काय होतं हे विचारायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. व्हिडिओवाल्यांनी इंडेक्सचा भाग आधी पाहिलेला, त्यामुळे रडतखडत का होईना, कुठे शोधायचं ते त्यांना कळलं.

एआय बंद करा म्हणणार नाही. इंग्रजी व्हिडिओ आमच्या पोरांना जड जातात, तिथे तोच मराठीत समजावून देतो. पण क्रम काय ठेवू? कोणी शिकवत असाल तर सांगा.

प्रतिसाद १
सर, मराठीच पाहिजे तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल बघा, बरेच विषय मराठीत आहेत. व्हिडिओ थांबवत थांबवत सोबत हाताने करायचं, अशीच त्यांची पद्धत आहे. एआय मी नंतर देते, तेही एका अटीवर: कोड मागायचा नाही. आपला कोड द्यायचा आणि 'यात कुठे गडबड होऊ शकते' एवढंच विचारायचं. उत्तर वाचायच्या आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहायचा. पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

प्रतिसाद २
काहून एवढा विचार करता सर? नोकरीत कोणी वही पाहून नाही राहिलं. काम झालं पाहिजे.

धागाकर्ता
काम झालं असं वाटतं, तीच तर अडचण आहे. सरासरी काढली तर बरोबर येते, एक ओळ मागितली की दोन येतात. ताई, वहीतला अंदाज तुम्ही तपासता की मुलं एकमेकांचे तपासतात? माझ्याकडे एका बॅचला तासभरच मिळतो.