पोरीच्या कण्याले वाक आहे, नुसत्या व्यायामानं भागन का ब्रेस घ्याच लागन?

सोनूची_आई (दारव्हा तालुका):
नमस्कार सगळ्यायले. पोरगी 13 वर्षांची आहे. ड्रेस शिवाले टाकला त टेलरीणबाई मने एक खांदा खाली आहे, मंग वाकवून पाहिलं त उजवीकडची पाठ वर आलेली दिसली. यवतमाळले एक्स-रे काढला, कॉब अँगल (मनजे कण्याचा वाक) 28 डिग्री, रिसर (हाडांच्या वाढीचा टप्पा) 1. पाळी आत्ताच सुरू झाली. डॉक्टर मनतात ब्रेस, मनजे कणा धरून ठेवणारा कडक साचा, लावा अन फिजिओथेरपी करा. सासूबाई मनतात हाडं बसवणाऱ्याकडे न्या, तो चोळून सरळ करते. आमच्या इकडच्या उन्हाळ्यात पोरगी ब्रेस कसा सहन करन? व्यायामानंच होत नाई का? दप्तराच्या वजनानं झालं असन का हे? मले रात्री झोप नाई.

फिजिओ_वर्धा:
ताई, दप्तरानं किंवा वाकडं बसल्यानं हा आजार होत नाही, या वयातल्या बहुतेक मुलींमध्ये कारण सापडतच नाही, त्यामुळे तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका. रिसर 1 म्हणजे उंची अजून बरीच वाढायची आहे आणि उंचीसोबत वाकही वाढू शकतो, म्हणूनच वाढत्या वयात 25 ते 40 डिग्रीला ब्रेस सांगतात. 2013 साली अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, ब्रेसवाल्या 72 टक्के मुलांचा वाक वाढ थांबेपर्यंत 50 डिग्रीच्या आत राहिला, बिनाब्रेसच्या 48 टक्के. जितके तास जास्त घातला तितका फायदा जास्त दिसला. म्हणून 28 ला नुसत्या व्यायामावर राहू नका, दोन्ही करा.

व्यायामही यूट्यूब बघून नको. जर्मनीतली श्रॉथ पद्धत आहे, त्यात वाक कोणत्या बाजूला, कुठं, त्यावर व्यायाम ठरतो, उजव्या वाकाचा व्यायाम डाव्याला उलटा पडतो. आरशासमोर बसवून, बरगडीखाली तांदळाची छोटी पिशवी देऊन, दबलेल्या बाजूत श्वास भरायला शिकवतात. शिकायला काही दिवस यावं लागतं, मग घरी चटईवर रोज, अधूनमधून व्हिडिओ कॉलवर तपासून घ्यायचं. सावंगीला फिजिओथेरपी कॉलेज आहे, सेवाग्रामचं हॉस्पिटलही आहे, नागपूरला एम्स आणि मेडिकल कॉलेज. चोळणाऱ्याकडे मात्र अजिबात नेऊ नका, झटका देऊन कणा सरळ होत नाही, इजा होते. आणि रात्री दुखून जाग येणं, पाय लटपटणं, लघवीचा त्रास असं काही दिसलं तर लगेच डॉक्टर.

हिंगणघाटची_पोरगी:
काकू मी पण ब्रेस घातला, आता कॉलेजात आहे. आत बिनशिवणीची सुती बनियन, घामानं ओली झाली की लगेच बदलायची, पावडर-क्रीम नाही. मे महिन्यात डॉक्टरांना विचारून दुपारी काढायची अन रात्रभर घालायची, तासांची वही ठेवली होती. काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ब्रेस बनवणाऱ्याला दाखवा, पट्टा किंवा पॅड दुरुस्त होते. कबड्डी मी सोडली नाही, खेळताना ब्रेस काढायचा. पोरं हसतीन वाटत होतं, पण मैत्रिणीच पट्टे ओढून द्यायच्या. सोनूचं मत तिच्याच तोंडून ऐकून घ्या, तिला पटलं तरच ती घालन.

सोनूची_आई:
लय आधार वाटला बाप्पा. पुन्हा एक्स-रे कधी काढा लागते?

फिजिओ_वर्धा:
ब्रेस आल्यावर काही आठवड्यांनी एक, ब्रेस घालूनच, वाक किती दबतो ते बघायला. पुढं साधारण 4 ते 6 महिन्यांनी. जुनी फिल्म सोबत ठेवा, नुसता रिपोर्ट नको.