संवर्धित, संरक्षित, जतन झालेली… काय म्हणावं?

देवीच्या कुळातल्या विषाणूंवरचा एक लेख मराठीत आणते आहे. माणसाची देवी, लम्पी, शेळ्यांची देवी, अगदी किड्यांना होणारे या कुळातले विषाणूही घेतले, तरी ४९च्या आसपास जनुकं सगळ्यांत सापडतात. किडे वगळून कणा असलेल्या प्राण्यांचे विषाणू घेतले, तर आकडा ९०च्या घरात जातो. या ‘कॉन्झर्व्ड’ जनुकांना काय म्हणू? मी ‘संवर्धित’ लिहिलं, संपादकांनी ‘संरक्षित’ केलं. दोन्ही खटकतात.

— ‘संवर्धित’ नकोच. प्रयोगशाळेत संवर्धन म्हणजे बशीत जिवाणू वाढवणं. मी तरी तसंच वाचेन. आणि ‘संरक्षित’ म्हटलं की कुंपण आलं, वनरक्षक आला.

— ‘जतन झालेली’ कसं वाटतं? जुन्या पोथीच्या प्रतींसारखं. मजकूर तोच, अधूनमधून पाठभेद.

— उपमा अर्धीच लागू पडते, ताई. मी पशुवैद्य आहे. पोथीतली ओवी लेखनिकाने जपून उतरवली म्हणून टिकते. इथे नक्कल करताना चूक कुठेही होते. पण हे विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरत नाहीत, बाहेर पेशीद्रवातच वाढतात. डीएनएची नक्कल करणारं विकरही घरूनच आणतात. त्याच्याच जनुकात बिघाड झाला, तर ती प्रत पुढे उतरतच नाही. जनुकसंचाच्या दोन्ही टोकांना मात्र यजमानाची प्रतिकारशक्ती चकवणारी जनुकं असतात, तिथे भर आणि गळती खपून जाते. लम्पीच्या विषाणूतली ९ जनुकं शेळ्यामेंढ्यांच्या विषाणूंत मोडकी आढळतात. एरवी तिन्हींचा मजकूर ९६ टक्के तोच. २०२२ मध्ये आपल्याकडे गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, ती याच साम्याच्या भरवशावर. गोठ्यात विचारायचे, “डॉक्टर, शेळीची लस गाईला कशी चालंल?”

— म्हणजे जपणारा कोणी नाहीच. मग ‘जतन’ही बाद.

— ‘टिकून राहिलेली’ म्हणा. लांब आहे, पण त्यात राखणारा कोणी डोकावत नाही. ‘टिकाऊ’ मात्र नको, प्लास्टिकची बादली वाटते.

— ‘टिकून राहिलेली’ घेते, डॉक्टर. शीर्षकात ‘जनुकांचा टिकाव’.

— चालेल. आणि यादीत कांजिण्या दिसल्या तर काढून टाका. ‘चिकनपॉक्स’ हे इंग्रजी नाव देवीच्या (‘स्मॉलपॉक्स’च्या) पंगतीतलं असलं, तरी तो विषाणू हर्पिसच्या घराण्यातला.