सुरगाणा तालुक्याची लोकसंख्या आणि अर्थकारण: आकडे जुळत नाहीत, चूक कुठे होतेय?

पायवाट

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याची लोकसंख्या आणि उपजीविका यांवर वीसेक पानांचं टिपण तयार करते आहे. काही ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यांना ते जोडायचं आहे, म्हणून आकडे पक्के हवेत. 2011 च्या जनगणनेचा गावनिहाय गोषवारा एक्सेलमध्ये घेतला. गावांची बेरीज 1,75,816 आली, म्हणजे तालुक्याच्या आकड्याशी तंतोतंत जुळली. पुढे मात्र गाडी अडली.

साक्षरतेचं प्रमाण मी काढलं की छापील आकड्यापेक्षा दहा-बारा टक्के कमी येतं. काही गावांत दर कुटुंबी माणसं आठ-नऊ निघतात, शेजारच्याच गावात चार. भाषेच्या तक्त्यात नाशिक जिल्ह्यात कोकणी बोलणारे इतके कसे, तेही कळेना. उत्पन्नासाठी जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न घेतलं तर चालेल का? आणि शेतकरी, शेतमजूर असे जे रकाने आहेत त्यांवर कितपत भरवसा ठेवायचा?

आकडेमोड

ताई, साक्षरतेचं कोडं सोपं आहे. तुम्ही साक्षरांना एकूण लोकसंख्येने भागलंय. जनगणनेत 7 वर्षं आणि त्यापुढच्यांचीच साक्षरता धरतात, त्यामुळे एकूण लोकसंख्येतून 0 ते 6 वयाची मुलं वजा करून मग भागायचं. समजा गाव 1,000 माणसांचं, 0 ते 6 ची मुलं 170, साक्षर 560. हजाराने भागलं तर 56 टक्के, 830 ने भागलं तर साडेसदुसष्ट. जिथे लहान मुलं जास्त तिथे हा फरक मोठा दिसतो, आणि सुरगाण्यात मुलं जास्तच आहेत.

कुटुंबाच्या आकाराचं उत्तर बहुतेक आश्रमशाळा हे असेल. वसतिगृहात राहणारी मुलं जनगणनेत त्या गावातच मोजली जातात आणि सगळं वसतिगृह मिळून एक संस्थात्मक कुटुंब धरलं जातं. दीडशे घरांच्या गावात चारशे मुलांची आश्रमशाळा असली की सरासरी कुठच्या कुठे जाते. साक्षरताही फुगते, कारण ती सगळी मुलं शिकणारी. तालुक्यातल्या आश्रमशाळांची यादी कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळेल. ती गावं वेगळ्या रंगाने खुणवा आणि सरासरीतून बाजूला ठेवा. याची दुसरी बाजूही आहे: ज्या पाड्यांतून ती मुलं आलीत, तिथली 7 ते 17 वयाची मुलं मोजणीत कमी दिसतात.

लहान गावात 0 ते 6 चं लिंग गुणोत्तर काढूच नका. 20 मुलगे आणि 18 मुली असल्या तर 900 येतं, 19-19 झाले की 1,000. एका लेकराने शंभराचा फरक पडतो. निदान दहा-बारा गावं एकत्र करून मगच काढा.

गावं नावाने जुळवू नका, 2011 च्या सहा आकडी संकेतांकाने जुळवा. एकाच नावाची गावं आहेत, आणि इंग्रजी स्पेलिंग दर यादीत निराळं. जनगणना महसुली गावाची असते, योजना ग्रामपंचायतीच्या नावाने येतात, लोक राहतात पाड्यावर. गट ग्रामपंचायतीत कोणती महसुली गावं येतात त्याचा तक्ता आधी हाताने करून घ्या. एक आठवडा जाईल, पण त्यावाचून पुढचं सगळं डळमळीत राहतं. आणि सुरगाण्याला नगरपंचायत 2011 नंतर मिळाली आहे. तेव्हाची ग्रामीण-नागरी विभागणी आज लागू पडत नाही.

नारपार

वरचं सगळं बरोबर आहे, पण या तालुक्याच्या आकड्यांतली सर्वात मोठी गोष्ट राहून गेली: मोजणीची तारीख. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, संदर्भ क्षण (ज्या घडीची लोकसंख्या धरतात ती) 1 मार्चचा. नियम असा की जो माणूस त्या वीस दिवसांत एकदाही घरी नव्हता तो घरी मोजायचा नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचा. आता सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर फेब्रुवारीत घरी कोण असतं? म्हातारी माणसं, शाळेतली मुलं आणि ज्यांच्याकडे गुरं आहेत ते. बाकी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात, नाहीतर गुजरातेत ऊसतोडीला. ही माणसं शिमग्याला परततात. 2011 ची होळी 19 मार्चला होती, मोजणी संपून तीन आठवडे झाल्यावर.

समजा 10,000 माणसं सुरगाण्याऐवजी निफाडात मोजली गेली. निफाडच्या 4,93,251 मध्ये ती दोन टक्के, कोणाच्या लक्षातही येणार नाही. सुरगाण्याच्या 1,75,816 मध्ये तीच साडेपाच टक्क्यांहून जास्त. तीही सरसकट नव्हे; कमावत्या वयाची, जोडीने गेलेली, काखेत तान्हं घेऊन गेलेली. त्यामुळे दर कमावत्यामागे खाणारी तोंडं किती, हे गुणोत्तर सुरगाण्यात खऱ्यापेक्षा जड दिसतं. जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते यात फारसे उपयोगी नाहीत. ते जन्मस्थान आणि शेवटचं वास्तव्य यांवर बांधलेले आहेत, चार महिन्यांची ये-जा त्यांत नीट उतरत नाही.

2001 चीही मोजणी फेब्रुवारीतच होती आणि तेव्हाची होळीही मार्चमध्ये, म्हणून 2001 ते 2011 ही वाढ बऱ्यापैकी तुलनेची आहे. 1991 शी तुलना करताना मात्र सांभाळा. तेव्हा जिल्ह्यात 13 तालुके होते. त्र्यंबकेश्वर आणि देवळा नंतर झाले.

बागाईतपट्टा

शेतकरी की शेतमजूर, या रकान्यांबद्दल. वर्षात 183 दिवस किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी तर सीमांत. मग ज्या कामात जास्त वेळ गेला त्या रकान्यात नाव. सुरगाण्यातलं घर जून ते नोव्हेंबर स्वतःच्या भात, नागली, वरई, खुरासणीत असतं आणि दिवाळीनंतर मजुरीत. त्याला शेतकरी म्हणायचं की मजूर, हे दोन-तीन आठवड्यांच्या फरकावर आणि प्रगणकाने प्रश्न कसा विचारला यावर ठरतं. म्हणून हे दोन रकाने वेगळे वाचू नका, बेरीज वाचा. आणि 2011 मध्ये सीमांत कामगारांचे 3 ते 6 महिने आणि 3 महिन्यांपेक्षा कमी असे दोन भाग दिलेत, ते जरूर घ्या. बायकांचं काम तिथे दडलेलं असतं.

मजुरीचं वेळापत्रक द्राक्षावर चालतं, ते टिपणात महिनावार मांडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची), मग फुटवे काढणं, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी. विरळणीला सर्वात जास्त हात लागतात, घडातले मणी कात्रीने मोजून काढायचे असतात. जानेवारी ते एप्रिल काढणी. एप्रिलात खरड छाटणी. बरीच कामं एकरी उक्ती दिली जातात, टोळीला. अवकाळी किंवा गारपीट झाली की उक्तं काम मध्येच थांबतं आणि टोळीचे पैसे अडकतात. म्हणजे निफाडातली गारपीट सुरगाण्याच्या घरखर्चाला लागते. तालुक्याच्या पिकांचे आकडे कितीही बघा, ते तिथे सापडायचं नाही.

सर्वेक्षण करणार असाल तर 'वार्षिक उत्पन्न किती' हा प्रश्न टाकूच नका. उत्तर रेशनकार्डाच्या मर्यादेखालचंच येईल, आणि लोक खोटं बोलतात म्हणून नव्हे, वर्षाचा हिशेब कोणी ठेवतच नाही म्हणून. दर महिन्याला घरातलं कोण कुठे होतं, किती दिवस, रोजाने की उक्तं, एवढं विचारा. मग उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी. पावसाळ्यात दुखणं, बियाणं, लग्न यांसाठी उचल घेतलेली असते आणि ती हिवाळ्यात काम करून फिटते. पैसा जुलैत येतो, श्रम जानेवारीत जातात. उचल विचारली नाही तर जानेवारीची मजुरी हातात आलेली रोख समजून तुम्ही तेच पैसे दोनदा मोजाल.

घरी खाल्लेलं धान्यही उत्पन्नात धरा. भात पोत्यात सांगतील, पण पोतं ठरलेल्या वजनाचं नसतं. दोन-तीन घरी प्रत्यक्ष वजन करा. क्विंटल भाताचे साधारण 65 किलो तांदूळ धरा. नागलीला अशी घट नाही.

डांगाण

भाषेचं थोडक्यात: तक्त्यातली ती कोकणी गोव्या-मालवणची नव्हे. जनगणनेत कोकणी या शीर्षाखाली कुकणा, मालवणी वगैरे मातृभाषा एकत्र धरतात. सुरगाणा-पेठचे कोकणा आदिवासी जी बोली बोलतात ती कुकणा म्हणून तिथे जाते. मातृभाषांचा उपतक्ता उघडलात की वेगळी दिसेल. आणि ज्यांनी प्रगणकाला नुसतं 'मराठी' सांगितलं ते मराठीत गेले, त्यामुळे बोली बोलणाऱ्यांची संख्या म्हणून तो आकडा वापरू नका. तालुक्यात आदिवासी लोकसंख्या 95 टक्क्यांहून जास्त आहे आणि अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. जमात कोणती हे वेगळं विचारल्याशिवाय कोकणा, महादेव कोळी, वारली यांची उपजीविका एकच समजू नये.

पायवाट

खूप आभार सगळ्यांचे. आश्रमशाळेची गावं तपासली, आठ-नऊच्या सरासरीची बहुतेक तीच निघाली. आणखी दोन अडचणी. जन्मदर काढायला तालुक्यातल्या जन्मनोंदी घेऊ का? आणि जमीनधारणेसाठी कृषी गणना पुरेशी आहे का?

नारपार

जन्मनोंदी घेऊ नका. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो, आई कुठली आहे त्यावर नाही. अवघड प्रसूती नाशिकला जाते, सीमेलगतच्या पाड्यांवरची बाई गुजरातेतल्या धरमपूर किंवा वांसद्याला जाते. दोन्ही नोंदी तालुक्याबाहेर पडतात. अंगणवाडीचं कुटुंब सर्वेक्षण घ्या, त्यात मूल घराच्या पत्त्यावर असतं. सेविका कामावर गेलेल्या घरांपुढे तशी खूणही करतात. फेब्रुवारीतली आणि जूनमधली नोंद शेजारी ठेवली तर स्थलांतराचा अंदाज त्यातूनच निघतो. इतका स्वस्त आणि इतका खरा आकडा दुसरीकडे मिळणार नाही.

आकडेमोड

कृषी गणना आपल्याकडे सातबाऱ्यावरून होते. सुरगाण्यात तीच अडचण आहे. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही. कसणारा त्याला 'प्लॉट' म्हणतो, दस्तात मात्र ती वनजमीनच. जास्तीत जास्त 4 हेक्टर मिळू शकतात, आणि 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा लागतो. दावा मंजूर पण मोजणी बाकी, मंजूर पण कसतोय त्यापेक्षा कमी क्षेत्र, दावा फेटाळला तरी कसणं चालू, अशी तिन्ही प्रकारची घरं एकाच पाड्यावर भेटतात. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात वनपट्टे नावावर करण्याच्या मागणीसाठीच सुरगाण्याची इतकी माणसं होती. म्हणून सातबारा, मंजूर पट्टा, प्रलंबित दावा आणि प्रत्यक्ष कसलेलं क्षेत्र असे चार रकाने ठेवा. ई-पीक पाहणीत पीक कमी दिसलं तर आधी वनपट्टे सुटलेत का बघा, मगच जमीन पडीक आहे असं लिहा.

जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाचं राहिलं. ते घेऊ नका. जिल्ह्याच्या 61,07,187 पैकी नाशिक आणि मालेगाव हे दोन तालुकेच 27,11,085, म्हणजे 44 टक्के. सुरगाणा आणि पेठ मिळून पाच टक्केही नाहीत. ती सरासरी सातपूर-अंबडच्या कारखान्यांची आणि पिंपळगावच्या द्राक्षांची आहे. तालुक्याचं उत्पन्न कोणी अधिकृत काढतच नाही, म्हणून तो रकाना रिकामा सोडा आणि जागी तुमच्या सर्वेक्षणातले मजुरीचे दिवस द्या. रस्ते, दवाखाने, सिंचन यांसाठी जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात तालुकावार तक्ते असतात, ते वापरा.

बागाईतपट्टा

एक भर. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही 1 मार्च 2027 आहे आणि त्या वर्षीची होळी 22 मार्चच्या सुमारास. म्हणजे माणसं पुन्हा बागेतच असणार. तुमचं टिपण ग्रामपंचायतींपर्यंत जाणार असेल तर एवढं त्यात घाला: बागेतल्या शेडवर, पॅकहाऊसच्या मागच्या झोपडीत राहणाऱ्यांनी प्रगणक आला नाही तर बागवाल्याकडून तलाठ्याला कळवावं. नाहीतर घरी ते गैरहजर आणि बागेत कोणी मोजलं नाही, असे दोन्हीकडून सुटतात. गाव सांगताना पाड्याचं नाव नको, महसुली गाव आणि तालुका सांगावा. पाड्याचं नाव यादीत नसतं.