विषय: आई-बाबा इंदूरहून दोघंच निघतायत, एअरपोर्टवर कुठून कुठे जायचं?

प्रेषक: रामबागची लेक, मेलबर्न

मंडळी नमस्कार,

आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येतायत आणि दोघंच येतायत. इंदूर ते दिल्ली, दिल्लीहून थेट मेलबर्न, एकाच तिकिटावर. दिल्लीबद्दल सगळे सांगतात, यूट्यूबवर व्हिडिओ पण ढीगभर आहेत, पण मला आधी इंदूरचीच काळजी लागलीय. आजवर बाबा विमानाने गेले ते कायम कुणीतरी बरोबर असताना, त्यामुळे दारातून आत गेल्यावर आधी काय, नंतर काय हे त्यांनी स्वतः कधी बघितलंच नाही. टर्मिनलचा नकाशा पाठवून उपयोग नाही, त्यांना क्रम सांगितला की पक्का लक्षात राहतो. बाबांच्या एका गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालंय. आई बोर्ड वाचते सगळे, पण मागे रांग लागली की घाबरी होते आणि हातातलं आहे तेच शोधत बसते.

कुणी अलीकडे इंदूरहून घरच्यांना आणलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. फ्लाइट अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची आहे.

——

प्रेषक: ग्लेन वेव्हर्लीहून

ताई, पहिलं काम म्हणजे व्हीलचेअर आजच बुक कर. एअरलाइनला फोन करून बुकिंगमध्ये नोंद करून घे, निदान ४८ तास आधी तरी नोंद पाहिजे. ते विचारतील जिना चढता येतो का. चढता येत असेल पण लांब चालवत नसेल तर डब्ल्यू-सी-एच-आर हा कोड, जिनाही नको असेल तर डब्ल्यू-सी-एच-एस. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तर दुसरंच सांग, कारण विमान एरोब्रिजला (टर्मिनलमधून थेट विमानात नेणाऱ्या बंद पुलाला) न लागता लांब उभं असलं की शिडी असते. आणि दिल्लीच्या फ्लाइटला आणि पुढच्या फ्लाइटला दोन्हीकडे नोंद झालीय ना हे वेगवेगळं विचार, एकीकडे झाली म्हणजे दुसरीकडे झाली असं धरू नकोस.

——

प्रेषक: राजेंद्र नगरचे काका (सध्या मुक्काम इंदूर)

बेटा, मी सध्या इथेच आहे आणि मागच्याच महिन्यात आमच्या नात्यातल्या एका जोडप्याला एरोड्रमवर, म्हणजे आपल्या एअरपोर्टवर, सोडायला गेलो होतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाच.

एक गोष्ट आधी सांगतो, बाकी सगळं त्यातूनच येतं. जे जे इंदूरला करून घेता येईल ते इंदूरलाच करून घ्यायचं, दिल्लीवर काही ढकलायचं नाही. आपलं टर्मिनल २०१२ साली नवीन झालं, चांगलं प्रशस्त आहे, पण दिल्लीसारखं अवाढव्य नाही. इथे काउंटरवरच्या मुलीला दोन प्रश्न जास्त विचारले तर ती उत्तर देते, सीआयएसएफचा जवान हात करून दाखवतो की बाबूजी उधर, आणि चुकीच्या बाजूला गेलं तरी परत यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दिल्लीला चुकीच्या बाजूला गेलं तर अर्धा तास आणि पाय दोन्ही जातात.

आता क्रम. सोडायला येणारा दारापर्यंतच, तिकिटाशिवाय आत जाऊ देत नाहीत, तेव्हा जे सांगायचं ते गाडीत सांगून झालं पाहिजे. दारात तिकीट आणि ओळखपत्र बघतात. दोघांनीही पासपोर्टच दाखवायचा, आधार कार्ड बाहेर काढायचंच नाही, म्हणजे पुढे कुठेही कुठलं कार्ड दाखवू हा प्रश्न येत नाही. तिकिटाचा कागदी प्रिंट दोघांकडे वेगवेगळा पाहिजे, मोबाइलवरचं तिकीट नेमकं दारात उघडत नाही. डिजीयात्रेचे (ॲपवर नोंद करून चेहरा दाखवून आत जायचे) दरवाजे इंदूरलाही २०२४ च्या सप्टेंबरपासून आहेत, पण ते देशांतर्गत प्रवासासाठी आहे आणि सक्तीचं नाही, कुणी म्हणालं ॲप डाउनलोड करा तर नको म्हणायचं आणि साध्या रांगेने जायचं.

आत गेलं की एक जागा आहे जिथे हमखास गोंधळ होतो. २०१९ च्या जुलैमध्ये दुबईची फ्लाइट सुरू झाली तेव्हापासून इंदूरलाही इमिग्रेशन होतं, त्यामुळे आपल्याकडे इंटरनॅशनलचे बोर्ड दिसतात. तुझे बाबा म्हणतील की आपण ऑस्ट्रेलियाला चाललोय म्हणजे इंटरनॅशनलकडेच जायला हवं. नाही! इंदूरहून उडणारं विमान दिल्लीला जातंय, म्हणजे ते देशांतर्गत. इमिग्रेशनचा शिक्का दिल्लीला. हे त्यांना फोनवर दोनदा सांग आणि त्यांच्याकडून वदवून घे.

मग काउंटर. इथे घाई करायची नाही, मागे कितीही लोक असले तरी. तुमच्या ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा पासपोर्टवर स्टिकर नसतो, सगळं कॉम्प्युटरवर, म्हणून व्हिसा मंजुरीचं पत्र छापून पासपोर्टमध्येच घालून ठेवायला सांग, काउंटरवर विचारतात आणि कागद समोर ठेवला की काम पटकन होतं. बोर्डिंग पास दोन्ही विमानांचे मागायचे, म्हणजे दोघांचे मिळून चार. चार कागद हातात आल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. पुढचे पास दिल्लीला मिळतील असं म्हणाले तर दिल्लीत नेमकं कुठल्या काउंटरवर हे तिथेच कागदावर लिहून घ्यायचं.

आणि बॅगेवरचा टॅग. हे नीट वाच. दिल्लीचा कोड डी-ई-एल आणि मेलबर्नचा एम-ई-एल. एका अक्षराचा फरक, आणि टॅगवर दोन्ही एकाखाली एक छापलेले असतात. बॅग पट्ट्यावर जायच्या आधी टॅग डोळ्यांसमोर धरून बघायचं की शेवटचं ठिकाण म्हणून एम छापलंय की डी, आणि सरळ तोंडाने विचारायचं, “सामान सीधा मेलबर्न जाएगा ना?” फक्त डी-ई-एल असेल तर बॅगा दिल्लीच्या पट्ट्यावर गोल गोल फिरत राहतील आणि हे दोघं पुढच्या विमानात. पासला चिकटवून देतात ती छोटी पावती फेकायची नाही, तिच्यावरही तोच कोड असतो, चष्मा लावून वाचता येतो.

सिक्युरिटीला बाबांनी स्वतःहून सांगायचं की गुडघ्यात धातू आहे. दरवाजा वाजणारच, वाजला की ते बाजूला घेऊन हातातल्या यंत्राने तपासतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बायकांची तपासणी पडद्याआड वेगळी होते त्यामुळे दोघांची ताटातूट होते, तेव्हा जो आधी सुटेल त्याने ट्रेपाशीच थांबायचं, पुढे गेटकडे जायचं नाही. ट्रेमधून मोबाइल, पाकीट, पासपोर्टची पिशवी तीन वस्तू उचलल्या का हे एकमेकांना विचारायचं.

त्यापुढे फक्त गेट. पासवर छापलेला गेट नंबर बदलू शकतो, म्हणून बसल्यावर अधूनमधून स्क्रीन बघायची, घोषणेवर विसंबून राहायचं नाही. कधी एरोब्रिजने नेतात, कधी बसने. बहुतेक कंपन्यांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि गेट साधारण २५ मिनिटं आधी. सात म्हणजे सात नव्हे, साडेसहाच्या आत गेटपाशी बसलेलं पाहिजे. घरून निघताना टर्मिनलच्या दारात सव्वाचार हे धरून निघा.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून बाबांच्या शर्टाच्या खिशात. मोबाइलमध्ये नाही, खिशात. दार, काउंटर, सिक्युरिटी, गेट, आणि प्रत्येकापुढे काय दाखवायचं आणि काय घ्यायचं, एवढंच.

——

प्रेषक: रामबागची लेक

काका, डी आणि एमचं वाचून अंगावर काटाच आला, मी स्वतः कधी टॅगकडे इतकं निरखून बघितलं नव्हतं. चार पास, एम, ट्रेपाशी थांबणं, सगळं उतरवून घेतलं.

पण व्हीलचेअरला बाबा अजिबात तयार नाहीत. म्हणतात मी रोज नेहरू पार्कला फिरायला जातो, मला खुर्चीत बसवून नेणार का. आई म्हणते जाऊ दे, आग्रह करू नकोस. काय करू?

——

प्रेषक: मावशी, डॅन्डिनाँग

आग्रह कर. मी सांगते का ते. आमच्या सासऱ्यांचंही हेच होतं, आणि त्यांना पटलं ते पायांसाठी नाही, वाट दाखवणाऱ्यासाठी. त्यांना म्हण, बाबा, खुर्ची तुमच्या गुडघ्यासाठी नाही, खुर्चीबरोबर एक माणूस मिळतो ज्याला सगळे रस्ते माहितीयत आणि आई त्याच्या बरोबर चालणार आहे. इंदूरला त्याची गरज कमी पडेल, पण नोंद तिथपासूनच असली की दिल्लीला विमानाच्या दाराशीच माणूस उभा असतो, आणि तिथून इमिग्रेशन, मग पुन्हा सिक्युरिटी, मग ते लांबच्या लांब गेट, हे सगळं तो नेतो. आईला एकटीला हे जमवायला लावणं बरोबर नाही ग, ती सांगणार नाही पण पूर्ण प्रवासभर तिच्या पोटात गोळा असेल.

एक मात्र आहे, तो माणूस कधीकधी एका ठिकाणी बसवून दुसऱ्याला आणायला जातो. तो जायच्या आधी विचारायचं, गेट कुठलं आणि तुम्ही परत किती वाजता येणार. उत्तर मिळेपर्यंत सोडायचं नाही.

आणि पाणी. इंदूरला बाटली चालते, दिल्लीला आंतरराष्ट्रीयला जाताना पुन्हा तपासणी होते आणि १०० मिलीच्या वरचं कुठलंही पातळ काढून घेतात. तूप, खोबरेल, रोज लागत नाही ते सिरप, सगळं मोठ्या बॅगेत. रोजच्या गोळ्या मात्र हातातल्याच पिशवीत, चिठ्ठीसकट. पोळी-भाजीचा डबा खुशाल न्या पण मेलबर्नला उतरायच्या आत संपवा, आणि विमानात फॉर्म देतात त्यावर खाण्याचं काहीही असेल तर “हो” वर खूण करायची, लपवायचं अजिबात नाही, इथले लोक त्या बाबतीत फार कडक आहेत.

——

प्रेषक: लोकमान्य नगरचा, आता पॉइंट कुक

अरे थांबा थांबा, सगळ्यांनी आतलं सांगितलं, पण तारीख कुणी बघितली का? अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ७! त्या रात्री इंदूरमध्ये कापड मिलच्या कामगारांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, बाकीच्या मिलाही गेल्या, पण कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत, त्या रात्रभर चालतात आणि अख्खं इंदूर रस्त्यावर असतं. जेल रोड, राजवाडा, तो सगळा पट्टा बंद. रामबागहून पहाटे साडेतीनला टॅक्सी बोलावली तर ती घरापर्यंत पोचणारच नाही, आणि सामान घेऊन चालत बाहेर येणं बाबांना शक्य नाही. आम्ही लहानपणी खांद्यावर बसून बघितल्यात त्या झांक्या, जीव आहे आमचा त्यात, पण फ्लाइट असेल त्या रात्री त्या भागात राहायचं नाही म्हणजे नाही.

——

प्रेषक: राजेंद्र नगरचे काका

हे फार महत्त्वाचं सांगितलंत, माझ्या डोळ्यांतून तारीख निसटली नव्हती पण मी रस्त्याचं नंतर लिहिणार होतो. आदल्या दिवशी दुपारीच त्यांना पलीकडे हलव. बडा गणपतीच्या पुढे, कालानी नगरच्या बाजूला कुणी नातेवाईक आहेत का? तिथून एरोड्रम सरळ रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं. नसेल कुणी तर आमच्याकडे येऊ देत, आम्ही दोघंच असतो, गाडी आणि ड्रायव्हर मी बघतो, आमच्याकडून बाहेरच्या रस्त्याने जाता येतं आणि झांक्यांशी संबंध येत नाही. संकोच करू नकोस.

पुढे कुणाची नवरात्रातली तिकिटं असतील त्यांनीही लक्षात ठेवा, बिजासनची टेकरी एरोड्रमला लागूनच आहे, जत्रेची गर्दी त्याच रस्त्यावर असते. आणि रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) असते म्हणून राजवाडा सकाळपासून बंद. इंदूरचं तिकीट काढताना पंचांग बघूनच काढायचं.

——

प्रेषक: रामबागची लेक

कालानी नगरला आत्याच राहते! बाबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आदल्या दिवशी जेवायलाच जातील तिकडे. काका, तुमच्या घराचं आमंत्रण वाचून आईला फोनवर रडू आलं, परतीच्या वेळी ते तुमच्याकडे नक्की येणार आहेत.

व्हीलचेअरला बाबा हो म्हणाले, आई त्याच्याबरोबर चालेल हे सांगितल्यावर. दोन्ही फ्लाइटना नोंद झाली, वेगवेगळी विचारली. कागद बाबांनीच लिहायला घेतलाय, मी फोनवर सांगतेय आणि ते वहीत आधी कच्चं लिहून मग पक्कं करतायत, टॅगच्या ओळीखाली दोन रेघा मारल्यायत.

एक शेवटचं. आई अडकित्ता आणि पानाचा डबा हातातल्या पिशवीत ठेवणार म्हणतेय, आणि खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत. चालेल का?

——

प्रेषक: मावशी, डॅन्डिनाँग

अडकित्ता मोठ्या बॅगेत, हातात ठेवला तर सिक्युरिटीला ठेवून घेतील आणि तो तुझ्या आजीचा असणार. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेतही चालत नाहीत, तेलामुळे पेट घेण्यासारखी वस्तू म्हणून बाजूला काढतात, आणि त्यासाठी बॅग उघडायला बोलावलं तर आईची पुन्हा धावपळ. वाट्या आत्याकडे ठेवून यायला सांग. सुपारीसुद्धा फॉर्मवर लिहायची हं. खोबरं इथे स्प्रिंगव्हेलला हवं तेवढं मिळतं, मी आणून ठेवते.