तुलूजचा कापडव्यापारी आणि माणसाचे हक्क

सांजवारा
युरोपातल्या ज्ञानोदयाबद्दल, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या विचारांच्या चळवळीबद्दल, शाळेत आपण काय शिकलो? लॉक – नैसर्गिक हक्क, माँतेस्क्यू – सत्ताविभाजन, रूसो – सामाजिक करार. जोड्या लावा. पाठ झालं, पण कळलं काहीच नाही. मला ते कळलं झाँ कालासच्या खटल्यावरून.

फ्रान्समधल्या तुलूज शहरात कालास कुटुंबाचं खाली कापडाचं दुकान, वर घर. देश कॅथलिक, हे प्रोटेस्टंट. १३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री थोरला मुलगा मार्क-आंत्वान दुकानात मेलेला सापडला. तो कायदा शिकला होता, पण कॅथलिक असल्याचा दाखला नाही म्हणून वकिली बंद. दाराशी जमलेल्या गर्दीत कोणीतरी ओरडलं, पोरगा कॅथलिक होणार होता, घरच्यांनीच मारला. झालं, सगळं घर अटकेत. तिथल्या न्यायपद्धतीत अर्धा पुरावा, पाव पुरावा असे धरत आणि ऐकीव गोष्टींची बेरीज करून पूर्ण पुरावा उभा करत. १० मार्च १७६२ ला साठी ओलांडलेल्या कालासला देहदंड झाला, हाडं चाकावर मोडून. मी निर्दोष आहे, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

कालासवरचा डाग पुसायला फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने पत्रांमागून पत्रं लिहिली, दरबारातल्या ओळखी पणाला लावल्या, १७६३ मध्ये सहिष्णुतेवर पुस्तक काढलं. ९ मार्च १७६५ ला कालास मरणानंतर निर्दोष ठरला. दरम्यान १७६४ मध्ये इटालियन विचारवंत बेकारियाने लिहिलं की निकाल लागेपर्यंत कोणालाही गुन्हेगार म्हणता येत नाही. १७८६ मध्ये इटलीतल्या टस्कनी राज्याने देहदंडच रद्द केला.

राजा फक्त देवाला जबाबदार, ही समजूत या लोकांनी मोडली. ‘हे कशाच्या आधारावर केलंत?’ असं सत्तेला विचारणं हा माणसाचा हक्क ठरला. याहून मोठं काम मला दिसत नाही.

कातळवाट
असहमत. कालासबद्दल वाईट वाटतंच, पण ‘माणसाचा हक्क’ म्हणताना या मंडळींनी माणूस कोणाला धरलं ते बघा. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या कॅरोलिना वसाहतीची १६६९ ची राज्यघटना तयार होत असताना लॉक तिच्या मालकांचा चिटणीस होता. त्या घटनेत स्पष्ट कलम आहे: प्रत्येक स्वतंत्र माणसाची आपल्या काळ्या गुलामांवर पूर्ण सत्ता राहील. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे पैसे होते. आणि हाच माणूस पुढे लिहितो की जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हे निसर्गाने दिलेले हक्क! व्हॉल्तेरने ज्यूंबद्दल आणि काळ्यांबद्दल जे लिहिलंय ते तर वाचवत नाही.

माणसाच्या हक्कांचा २६ ऑगस्ट १७८९ चा फ्रेंच जाहीरनामा घ्या. सतरा कलमं, बाईला मत नाही. फ्रेंच लेखिका ओलँप द गूजने १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. त्यात ती म्हणते, बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे. १७९३ मध्ये तिला पहिलाच तेवढा मिळाला.

ओवरी
माझी हरकत वेगळी आहे. रूसो म्हणतो, जो सामूहिक इच्छा मानणार नाही त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडलं जाईल. सामूहिक इच्छा म्हणजे काय, हे कोण ठरवणार? फ्रेंच क्रांतीतला पुढारी रोबस्पियेर, त्याने ठरवलं आणि गिलोटिन, म्हणजे मुंडकी उडवायचं यंत्र, चाललं. माँतेस्क्यूने १७४८ मध्येच बजावलं होतं की सत्तेनेच सत्तेला आवर घालावा लागतो. मला तोच जवळचा वाटतो.

सांजवारा
@ओवरी, रूसोबाबत सहमत.

@कातळवाट, लॉकबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातलं एक अक्षरही मी खोडणार नाही. पण त्याच वर्तुळातला फ्रेंच विचारवंत काँदोर्से विसरू नका. १७८१ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलं, १७९० मध्ये बायकांना नागरिकत्व द्या म्हणून लेख लिहिला. म्हणजे त्या तर्कातून हे निष्कर्ष निघतात, हे तेव्हाही दिसत होतं. ज्यांना बघायचं नव्हतं त्यांनी बघितलं नाही. तो दोष त्यांचा, तर्काचा नाही. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी तरुणपणी इंग्रज लेखक टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं आणि तीच मोजपट्टी जातीला लावली.

कातळवाट
काँदोर्से मान्य. पण त्याचं ऐकलं कोणी? सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतली (आजचं हैती) गुलामगिरी फ्रान्सने १७९४ मध्ये रद्द केली ती १७९१ पासून तिथले गुलाम शस्त्र घेऊन उठले होते म्हणून. १८०२ मध्ये नेपोलियनची फौज ती पुन्हा आणायला तिथे उतरली, तेव्हा तेच लोक परत लढले आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झालं.

फुल्यांचंही तसंच. पेन हा काही दरबारी विचारवंत नव्हे, बायकांच्या काचोळ्या शिवणाऱ्याचा मुलगा, स्वतःही तेच काम केलेला. आणि १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती लॉकला किंवा व्हॉल्तेरला नाही, तर काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. मोजपट्टी युरोपातून आली असेल, पण ती कुठे लावायची ते त्यांना युरोपने शिकवलेलं नव्हतं.

सांजवारा
अर्पणपत्रिकेचा मुद्दा बिनतोड आहे, मी तो या बाजूने कधी पाहिलाच नव्हता. तरी कालासच्या बायकोला १७६२ मध्ये मदत करणारं जे कोणी होतं, त्यात व्हॉल्तेर होता, हे मी सोडणार नाही.